धाक आणि शब्द

२०२५ सालच्या मे महिन्यातील आठ तारखेची रात्र. जेवणे उरकली होती आणि मी नित्याप्रमाणे एक पुस्तक घेऊन आडवा झालो होतो. इतक्यात नातू हातातला मोबाईल उंच धरून खोलीत शिरला. "आबा, कराची बंदर गेलं! आपल्या नौदलानं उडवलं." मी उठून बसलो. बाहेर टेलिव्हिजन चालूच होता. निवेदक घसा खरवडून तेच सांगत होता. मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता. तो वाहिनीने आपल्या पदरचा घातलेला होता, हे मला मागाहून कळले. एका वाहिनीवर कराची, दुसरीवर इस्लामाबाद. रात्रीतून सारा नकाशाच पुसला जात होता.

मला आनंद झाला. हे लिहिताना संकोच वाटतो. पण या लेखाचा सारा खटाटोप त्या आनंदापायीच असल्यामुळे तो लपवून चालणार नाही. पंधरवड्यापूर्वी, २२ एप्रिलला, पहलगाम येथे २६ माणसे गोळ्या घालून मारण्यात आली होती. त्यांत आपल्याकडचीही होती. ते चेहरे डोळ्यांपुढून हालत नव्हते. तेव्हा कोठेतरी, कोणालातरी शासन झाले, या भावनेने मन हलके झाले आणि मी तीन फोन केले. एक जुन्या सहकाऱ्याला, एक गावी गेलेल्या शेजाऱ्याला आणि एक धाकट्या बहिणीला. बहीण क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, कराची बंदर म्हणजे आईचं किमारी ना रे?"

आमच्या आईचे बालपण कराचीत गेले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि नोकरीनिमित्त गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे रुजली होती. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा त्या शहरात आजही उभी आहे. आजोबा बंदरावर कारकून होते. सुटीच्या दिवशी ट्राममधून किमारीला जायचे नि गोदीतली जहाजे मोजायची, ही आईची शेवटपर्यंतची आठवण. तिच्या अखेरच्या आजारात घरातल्या माणसांची नावे ती विसरली, पण किमारीचे नाव विसरली नाही. आणि ते किमारी बेचिराख झाल्याची वार्ता मी तिच्या मुलीला हर्षाने सांगत होतो.

सकाळी कळले की बंदर जागच्या जागी आहे.

मी तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. कोणतेही विधान ऐकले की 'हे कशावरून?' असे विचारावे, हे मी हजारो मुलांना घोकून घ्यावयास लावले. त्या रात्री मात्र तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. आता, एका पेन्शनर मास्तराने एक आवई खरी मानली नि तीन घरी पोचवली, यात जगाचे काय बिघडले, असे कोणी म्हणेल. एरवी मीही तसेच म्हटले असते. पण त्या चार दिवसांत जी दोन राष्ट्रे एकमेकांसमोर उभी होती, त्यांतील प्रत्येकाजवळ दीडशेहून अधिक अण्वस्त्रे आहेत. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना कोट्यवधी माणसे त्या रात्री माझ्यासारखीच आनंदत किंवा संतापत होती, आणि तिकडेही खोट्याची टंचाई नव्हती; व्हिडिओ-खेळांतली विमाने पडताना दाखवून ती आपलीच म्हणून खपवली जात होती. या आनंदाला आणि संतापाला राज्यकर्त्यांचे कान असतात. म्हणून हा प्रश्न माझ्या एकट्याच्या लाजेचा राहत नाही.

त्याच दिवसांतल्या आणखी दोन गोष्टी सांगतो. १० मे रोजी सकाळी पाकिस्तानी सैन्याच्या हवाल्याने बातमी आली की, अण्वस्त्रांचा निर्णय ज्या मंडळाच्या हाती आहे त्याची बैठक पंतप्रधानांनी बोलावली आहे. थोड्याच तासांत तेथील संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी सांगितले की, अशी बैठक झालेली नाही नि ठरलेलीही नाही. यातील पहिले विधान हा इशारा होता, की दुसरे ही सारवासारव होती, की दोन्ही ठरवून केलेली होती? ज्याला हे वाचून पुढचे पाऊल टाकावयाचे होते त्याने काय समजावयाचे? दुसरी गोष्ट किराणा टेकड्यांची. सरगोध्याजवळच्या या टेकड्यांत पाकिस्तानचा अण्वस्त्रांचा साठा असून भारताने नेमका त्यावरच बाँब टाकला, तेथून किरणोत्सर्ग सुटला आहे, अशी कंडी लढाई थांबताथांबता पिकली. भारतीय वायुदलाने १२ मे रोजी जाहीरपणे नाकारले की तेथे काही टाकले आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातील कोणत्याही केंद्रातून किरणोत्सर्ग झाला नसल्याचे सांगितले. तरीही आमच्या कट्ट्यावर ही गोष्ट अजून खरी मानली जाते, आणि ती सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. शत्रूच्या अण्वस्त्रसाठ्यावर घाव घालणे म्हणजे त्याला 'आता वापर, नाहीतर गमावशील' असे सांगण्यासारखे आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

अण्वस्त्रांचा धाक ही काय चीज आहे, हे जरा उलगडून पाहिले पाहिजे. तलवारीचा उपयोग तलवार चालवण्यात असतो. या अस्त्राचा उपयोग, त्याचे पुरस्कर्तेच सांगतात त्याप्रमाणे, ते कधीही न चालवण्यात आहे. म्हणजे त्याचे कार्य घडते ते कोठाराबाहेर, शत्रूच्या डोक्यात. तू मला मारलेस तर मीही तुला मारीन, ही त्याची समजूत झाली की अस्त्राचे काम झाले. पण या वाक्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती बहुधा कोणी उच्चारीत नाही : तू मला मारले नाहीस तर मीही तुला मारणार नाही. ही दुसरी बाजू शत्रूला पटली नाही तर पहिलीचा काहीच उपयोग नाही. कसाही वागलो तरी मार बसणारच, असे ज्याला वाटले तो आधीच हात उगारील. टॉमस शेलिंग यांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे. पण त्यासाठी ग्रंथाची गरज नाही, घरात दांडगट मूल असलेल्या कोणत्याही आईला ते ठाऊक असते. तेव्हा धाक हा दोन शब्दांवर उभा आहे. एक मारण्याचा शब्द नि दुसरा न मारण्याचा शब्द. दोन्ही शब्द एकाच तोंडाचे असतात, आणि त्या तोंडाची पत एकच असते.

आता या मारण्याच्या शब्दाकडे नीतीच्या दृष्टीने पाहू. इंग्लंडात एक विलक्षण प्रथा आहे. तेथे नवा पंतप्रधान अधिकारावर आला की पहिल्या काही दिवसांतच त्याला स्वहस्ताने चार पत्रे लिहावी लागतात. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या चार आहेत. १९६९ पासून त्यांच्या ताफ्यातील निदान एक अहोरात्र समुद्राच्या पोटात असते. प्रत्येक पाणबुडीत तिजोरीच्या आत तिजोरी असून तीत पंतप्रधानांचे पत्र ठेवलेले असते. लंडन नष्ट झाले, पंतप्रधान नि त्यांचा प्रतिनिधी दोघेही मेले, असे झाले तरच कप्तानाने ते उघडावयाचे. सूड घे, घेऊ नकोस, तुला योग्य वाटेल ते कर, अथवा एखाद्या मित्रराष्ट्राच्या हुकमतीखाली जा, असे काहीतरी त्यात असते म्हणतात. पंतप्रधान पायउतार झाला की पत्रे न उघडता नष्ट करण्यात येतात. आजवर कोणी काय लिहिले, हे कोणाला माहीत नाही.

मी हे पत्र वर्गात प्रश्न म्हणून घालीत असे. तुम्ही पंतप्रधान आहात, काय लिहाल? पहिल्यांदा सारा वर्ग हसे, मग गप्प होई. कारण अट अशी आहे की पत्र उघडले जाईल तेव्हा धाक फसलेला असेल. ज्यांना वाचवावयाचे ते मेलेले असतील. आता क्षेपणास्त्र सोडून परक्या शहरातील लाखो माणसे मारण्याने कोणाचेही रक्षण होणार नाही. एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मी पाकिटात कोरा कागद ठेवीन." तिच्या मागचा मुलगा ताडकन म्हणाला, "म्हणजे ते पाप कप्तानाच्या माथ्यावर ढकललंस." त्या दोघांचा वाद तास संपल्यावरही व्हरांड्यात चालू होता. विद्वानांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे. ग्रेगरी काव्का या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७८ साली हा पेच नेमका मांडला : जे करणे निश्चित पाप आहे, ते करण्याचा खरा संकल्पच जर ते घडू देत नसेल, तर तो संकल्प धरणे पुण्य की पाप? पण माझ्या मते त्या व्हरांड्यातल्या दोघांच्या पुढे तो वाद फारसा गेलेला नाही.

सुटकेचा एक मार्ग सर्वांनाच प्रथम सुचतो. तोंडाने म्हणावे 'मारीन', मनात म्हणावे 'मारणार नाही'. पापही नाही नि धाकही राहिला. पण हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. पंतप्रधान एकटा खोटे बोलू शकेल. पण पाणबुडीवरील शंभराहून अधिक माणसांना आपली किल्ली खरोखरच फिरवावयाची आहे असे समजून वर्षानुवर्षे सराव करावा लागतो. एका माणसाचे खोटे टिकावे म्हणून इतक्यांना मनाने खरेखुरे मारेकरी व्हावे लागते. शिवाय लोकशाहीत राज्यकर्त्याला प्रश्न विचारता येतो. १८ जुलै २०१६ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात एका सभासदाने थेरेसा मे यांना विचारले की, एक लक्ष निरपराध पुरुष, स्त्रिया नि मुले मरतील अशी आज्ञा आपण द्याल काय? बाई 'होय' म्हणाल्या, आणि तशी तयारी आहे हे शत्रूला कळणे हेच तर या अस्त्राचे सारे मर्म, असेही त्यांनी सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी मजूर पक्षाचे नवे पुढारी जेरेमी कॉर्बिन यांना असेच विचारण्यात आले होते व त्यांनी 'नाही' म्हटले होते. त्यावर देशाच्या सेनाप्रमुखांनी चिंता व्यक्त केली. कॉर्बिन यांचे राजकारण मला फारसे पटत नाही, पण या प्रसंगाने मी अस्वस्थ झालो. 'मी लाखो मुले मारणार नाही' हे वाक्य भल्या माणसाने उघडपणे उच्चारताच ते राष्ट्राच्या सुरक्षिततेचा भंग ठरावे, ही केवढी विपरीत अवस्था! जेम्स कॅलहन हे १९७६ ते १९७९ या काळात पंतप्रधान होते. तशीच वेळ आली असती तर आपण आज्ञा दिली असती, पण त्यानंतर जिवंत उरलो असतो तर स्वतःला कधीच क्षमा करू शकलो नसतो, अशा आशयाचे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. खुर्चीवरून उतरल्यावर का होईना, एवढे तरी खरे बोलता आले.

एकट्या राष्ट्राची ही कथा. लष्करी करार आले की गुंता आणखी वाढतो. कारण तेथे स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्यासाठी मरण्याचा शब्द द्यावा लागतो. १९४९ साली 'नाटो'चा करार झाला तेव्हा एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला असे लिहिले गेले. पुढे रशियाजवळही अमेरिकेपर्यंत पोचणारी अस्त्रे आली, आणि १९६१ साली द गॉल यांनी केनेडींना तोंडावरच विचारले की, पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क गमवाल काय? फ्रान्सने स्वतःचा बाँब केला आणि १९६६ साली तो देश त्या संघटनेच्या संयुक्त लष्करी व्यवस्थेतून बाहेर पडला. द गॉल यांना त्या वेळी पुष्कळांनी हेकट म्हटले. पण १९८३ साली रॉबर्ट मॅकनमारा यांनी जे लिहिले ते वाचले म्हणजे त्या हेकटपणात किती तथ्य होते ते कळते. मॅकनमारा १९६१ पासून सात वर्षे अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. या काळात वेळ आल्यास युरोपच्या रक्षणासाठी अमेरिका प्रथम अण्वस्त्र वापरील, असे जाहीर धोरण होते. जर्मनांपासून तुर्कांपर्यंत सर्वजण त्यावर विसंबून होते. आणि मॅकनमारा लिहितात की, कोणत्याही परिस्थितीत आपण प्रथम अण्वस्त्र वापरू नये, असा सल्ला मी केनेडी व जॉन्सन या दोन्ही अध्यक्षांना खाजगीत दिला होता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी तो मानला होता.

म्हणजे मित्राला दिलेला शब्द खोटा होता. पण तो पाळला असता तर केवढा अनर्थ! माझ्या नीतिशास्त्राच्या टिपणांत अशा वचनाला जागा नव्हती. वचन देणे चूक, न देणे धोक्याचे, मोडणे पुण्याचे, नि मोडणार हे सांगणे विश्वासघाताचे. क्यूबाच्या पेचात, १९६२ च्या ऑक्टोबरात, तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे रॉबर्ट केनेडींनी रशियन वकिलाला गुपचूप कबूल केले, नि असा काही सौदा झाल्याचे जगाला पुढे वर्षानुवर्षे नाकारण्यात आले. जग वाचले ते त्या सौद्याने. पण लोकांना शिकवले गेले की ते नुसत्या ताठरपणाने वाचले. हा खोटा धडा गिरवून पुढच्या पिढ्यांतले किती मुत्सद्दी ताठर झाले असतील, याचा हिशेब कोण देणार?

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असते. युद्धात कपट हे चालायचेच. शिवाजी महाराजांचा गनिमी कावा विसरलात काय? विसरलो नाही. १६६३ साली लाल महालात महाराज शिरले ते वेषांतराच्या नि फसवणुकीच्या बळावर, आणि त्यात मला काडीचेही गैर वाटत नाही. पण काव्याचे गणित असे असते की शत्रूने चूक करावी नि तिचा लाभ आपल्याला व्हावा. शायिस्तेखान बेसावध राहिला, त्याची बोटे तुटली, आपले कार्य झाले. अण्वस्त्रांच्या बाबतीत हे गणितच उलटे होते. शत्रूची चूक ही आपल्या मरणाची सूचना ठरते. तो गोंधळला, घाबरला, खोट्याला खरे समजून बसला, तर तो जे करील त्यात आपण पहिल्यांदा भाजून निघू. तेव्हा ज्या क्षणी दोन्ही बाजूंना हे अस्त्र आले त्या क्षणी शत्रूला नीट दिसावे, नीट ऐकू यावे, यात आपला स्वार्थ उत्पन्न झाला. ही गोष्ट मनाला पटत नाही, कारण हजारो वर्षांची सवय उलट आहे. पण १९८३ च्या २६ सप्टेंबरला रशियाच्या उपग्रहांनी ढगांवरील उन्हाची चमक पाहून अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाली असा इशारा दिला, तेव्हा लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह यांनी तो खोटा मानला, हे अमेरिकेच्या कोणत्याही शस्त्रापेक्षा अमेरिकेच्या अधिक उपयोगी पडले. खरोखर हल्ला करावयाचा असता तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे सोडली नसती, असा त्यांचा साधा तर्क होता.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक 'ब्राह्मोस' क्षेपणास्त्र चुकून सुटले नि पाकिस्तानात मियाँ चन्नू गावाजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटके नव्हती, कोणी मेले नाही. भारताने दोन दिवसांनी, ११ मार्चला, ही तांत्रिक चूक असून तिचा खेद वाटतो असे जाहीर केले. पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. पाकिस्तानने निषेध केला, चौकशी मागितली, पण उलट काही सोडले नाही. या प्रसंगाकडे आपण फार हलकेपणाने पाहिले. आपण 'चुकले' म्हणालो आणि समोरच्याने, कुरकुरत का होईना, ते मानले. समजा, त्याआधी महिनाभर आमच्या वाहिन्यांवरून नि मोबाईलांवरून २०२५ च्या मे महिन्यासारखा खोट्याचा पूर लोटला असता, तर त्या 'चुकले' या शब्दाला कोणी किती किंमत दिली असती? दोन दिवस गप्प राहणे हीदेखील मोठी जोखीम होती. सुदैवाने तिची किंमत मोजावी लागली नाही.

खोट्या बातमीची ही विद्या आजची आहे असे नाही. १९८३ च्याच जुलैत दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले की, एड्सचा रोग अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत तयार झाला. ती रशियन हेरखात्याची करणी होती. पण ही वावडी जगभर फिरण्यास तेव्हा काही वर्षे लागली. २०१६ च्या डिसेंबरात एका बनावट वृत्तात म्हटले होते की, पाकिस्तानने सीरियात सैन्य पाठवल्यास इस्रायल त्याला अणुबाँबने नष्ट करील. इस्रायलच्या ज्या संरक्षणमंत्र्यांच्या तोंडी ही धमकी घातली होती, त्यांनी काही महिन्यांपूर्वीच राजीनामा दिलेला होता; म्हणजे खोटे रचणाराने मंत्र्याचे नावही नीट पाहिले नव्हते. तरी पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्यांनी ट्विटरवर प्रत्युत्तर दिले की, पाकिस्तानही अण्वस्त्रधारी आहे हे इस्रायलने विसरू नये. हे मंत्री म्हणजे वर सांगितलेले ख्वाजा आसिफच. त्यांना हसण्याचा अधिकार मला राहिलेला नाही. फरक इतकाच की माझ्या हाताशी फोन होता नि त्यांच्या हाताशी अणुबाँब.

अण्वस्त्राचा विषय निघाला की ब्रह्मास्त्राची आठवण काढण्याची आपल्याकडे चाल आहे. मला मात्र महाभारतातला द्रोणवधाचा प्रसंग आठवतो. अश्वत्थामा मेल्याची आवई भीमाने उठवली, तेव्हा द्रोणाने ती खरी मानली नाही. तो धर्मराजाकडे वळला. का? धर्मराज शत्रुपक्षातला होता. तरी तो खोटे बोलणार नाही, अशी द्रोणाची खात्री होती. भीमाच्या हजार आरोळ्यांनी जे झाले नसते ते धर्माच्या एका पुटपुटण्याने झाले. जन्मभराच्या सत्याचे भांडवल त्याने एका दुपारी खर्च केले आणि चार बोटे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. कीर्तनकार येथे थांबतात. पण कथा पुढे आहे. बाप कसा मारला गेला हे ऐकून अश्वत्थाम्याने नारायणास्त्र सोडले. आणि पुढे रात्री झोपलेल्या माणसांची कत्तल करताना त्याच्याजवळ समर्थन तयार होते, की धर्माचा बांध आधी तुम्हीच फोडलात. लढाईत दोन्ही बाजूंनी मानला जाणारा एक तरी माणूस असतो, तो त्या दिवशी संपला. त्यानंतर कोणी थांबा म्हटले तरी ऐकणारा उरला नाही. कांटने १७९५ साली चिरशांतीवर लिहिताना युद्धातही काही कृत्ये वर्ज्य सांगितली आहेत. ज्यांनी पुढच्या तहावरचा विश्वासच अशक्य होईल ती कृत्ये. क्योनिग्जबर्गच्या त्या प्राध्यापकाला महाभारत माहीत असण्याचा संभव नाही.

माझ्या या म्हणण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप युक्रेनचा आहे आणि तो मी टाळणार नाही. सोव्हिएत संघ मोडला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर हजारो अण्वस्त्रे होती. ती वापरण्याच्या किल्ल्या मॉस्कोत होत्या हे खरे. तरी ती युक्रेनने परत केली नि बदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमा मानण्याचे लिहून दिले. २०१४ साली क्रिमिया गेला, २०२२ साली अनेक बाजूंनी आक्रमण झाले. शब्दावर विसंबलेल्याची ही गत! माझा एक स्नेही म्हणतो, "तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा, आम्हांला बाँब पुरे." त्याला देण्यास माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. भारताने आपली अण्वस्त्रे उद्या समुद्रात बुडवावी, असे म्हणण्याचे धैर्यही मला होत नाही. मी एवढेच दाखवू शकतो की, त्याच युद्धात रशियाच्या अण्वस्त्रांच्या धाकाने आक्रमण थांबले नाही. उलट आक्रमण करणाराला पाठीशी घेऊन तो उभा राहिला. आणि २३ ऑक्टोबर २०२२ रोजी रशियाच्या संरक्षणमंत्र्यांनी पाश्चात्त्य मंत्र्यांना फोन करकरून सांगितले की, युक्रेन किरणोत्सर्गी बाँब बनवीत आहे. हे खोटे कशाने निष्प्रभ झाले? बाँबने नव्हे. युक्रेनने आपली दारे उघडली, अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत गेले, त्यांनी पाहिले आणि तसे काही आढळले नाही असे सांगितले. या निरीक्षकांना सर्वांनी मानले, कारण त्यांची पत शिल्लक होती. ती टिकवणे हे कोणाच्या संरक्षण-अंदाजपत्रकात बसत नाही.

माझ्या स्नेह्याचा बाँबही, अखेर, शब्दावरच उभा आहे हे त्याला कसे पटवावे? भारताचे धोरण असे आहे की आपण प्रथम अण्वस्त्र वापरणार नाही. २००३ च्या जानेवारीत ते अधिकृतपणे जाहीर झाले. त्या वाक्यात अस्त्र कोठेच नाही, नुसता शब्द आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्र्यांनी पोखरणला म्हटले की पुढचे परिस्थितीवर अवलंबून राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोरण बदलले नाही, पण शब्द किंचित सैल झाला. शत्रूला संभ्रमात ठेवण्यात शहाणपण आहे असे समजण्याची ही जुनी सवय. आता माझे मत असे झाले आहे की, ज्या राष्ट्राने हे अस्त्र जवळ बाळगले त्याने खोटे बोलण्याची चैन गमावली. सरकारने गमावली, वाहिन्यांनी गमावली, माझ्यासारख्या फोन करणाऱ्यांनीही गमावली. पण लगेच दुसरे मन म्हणते की, ज्या धाकाच्या गाभ्यातच एक न सांगण्याजोगे गुपित आहे, पाकिटात काय आहे ते कोणालाच कळता कामा नये असा ज्याचा नियम आहे, त्याच्याभोवती सत्याचे कुंपण कसे घालणार? मी या दोन मनांत अडकलेला आहे.

त्या ब्रिटिश पाणबुड्यांविषयी एक तपशील सांगावयाचा राहिला. समुद्राच्या तळाशी असलेल्या कप्तानाने ब्रिटन उरले आहे की नाही हे कशावरून ओळखावयाचे? इतिहासकार पीटर हेनेसी यांनी सांगितले आहे की, त्यासाठी ज्या खुणा पाहावयाच्या त्यांत बी. बी. सी.च्या रेडिओवरचे नित्याचे कार्यक्रम ऐकू येतात की नाही, ही एक आहे. मला हा तपशील एकाच वेळी वेडगळ आणि उदात्त वाटतो. ठरल्या वेळी बातम्या ऐकू आल्या तर देश जिवंत आहे, तिजोरी उघडू नकोस. आमच्या एखाद्या पाणबुडीवरील कप्तानाने ८ मेच्या रात्री आमच्या वाहिन्या लावल्या असत्या तर त्याने काय अनुमान काढले असते, हा विचार मनात येतो नि मी तो झटकून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तीन फोन केले. बहिणीला म्हटले, "आईचं किमारी शाबूत आहे गं." ती म्हणाली, "बरं झालं, दादा," आणि मग बराच वेळ आम्ही आईविषयीच बोललो. शेजाऱ्याने ती बातमी रात्रीतच आणखी पंधरावीस जणांना पाठवली होती. आता पुन्हा सर्वांना कुठे कळवत बसू, म्हणाला. राहिला माझा जुना सहकारी. तोही तर्कशास्त्राचाच प्राध्यापक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी सारे खुलासेवार सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले नि म्हणाला, "असू दे रे. काल ऐकून बरी झोप लागली होती."